क्लॅन का फुटतो, आणि तो टिकवायचा कसा

सांगली-मिरज, तासगाव, विटा, कराड या पट्ट्यात क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेमचा क्लॅन (खेळाडूंचा गट) बहुधा एकाच वाटेने वाढतो. दोन-चार मित्र नाव ठेवतात, मग वर्गातले, गल्लीतले, चुलतभाऊ-मावसभाऊ येतात आणि बघता बघता 50 जागा भरतात. वर्षभरात तोच क्लॅन ओस पडतो. त्यासाठी भांडणच व्हावं लागतं असं नाही. वॉर (दुसऱ्या क्लॅनशी लढत) लावणं, ट्रूप्स (सैन्य) देणं, नवीन पोरांना बेस (आपल्या गावाची मांडणी) कसा लावायचा ते सांगणं ही कामं पाच-सात जणच करत असतात. ते दमतात, त्यांच्या जागी कुणी तयार झालेलं नसतं, आणि लीडर मात्र 50 चा आकडा बघून निर्धास्त असतो. क्लॅन टिकवायचा म्हणजे या पाच-सात जणांवरचं ओझं हलकं ठेवायचं.

सुरुवात दहा जणांनी करा

क्लॅन उघडल्या उघडल्या सगळ्यांना आत घेऊ नका. आधी ओळखीचे आठ-दहा जण घ्या, 10-10 ची (दोन्हीकडे दहा जण) वॉर लावा आणि अशी चार वॉर पूर्ण खेळा. प्रत्येकाला दोन अटॅक असतात, म्हणजे एका वॉरला 20. यातले 18 तरी पडले पाहिजेत. तेवढे पडत नसतील तर माणसं वाढवून काहीही सुधारत नाही, फक्त न पडलेल्या अटॅकचा आकडा मोठा होतो.

नवीन माणूस घेताना टाऊन हॉलपेक्षा (गेममधली मुख्य इमारत, तिच्यावरून खेळाडू किती पुढे आहे ते कळतं) वेळ विचारा. "रात्री किती वाजता मोकळा असतोस?" हा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. विटा-आटपाडीकडची गलाईची (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली) माणसं देशभर विखुरलेली आहेत, त्यांचं दुकान बंद झाल्यावर ती ऑनलाइन येतात. शेतीला रात्रपाळीची लाईट असली की मोटार चालू करून विहिरीवर बसलेला गडी मध्यरात्रीनंतरही जागा असतो. असे दोघे-तिघे क्लॅनमध्ये असले की शेवटच्या तासांतले अटॅक वाया जात नाहीत. सगळेच संध्याकाळी सात ते नऊवाले घेतले तर एका गावात जत्रा निघाली तरी वॉर हातची जाते.

वही ठेवा, आणि दुसऱ्या अटॅकवर नजर ठेवा

गेममध्ये वॉरची नोंद दिसते, पण एखादा माणूस हळूहळू लांब चाललाय हे त्यातून पटकन कळत नाही. साधी वही किंवा शीट करा. प्रत्येक नावापुढे चारच रकाने: पहिला अटॅक, दुसरा अटॅक, किती स्टार (एका अटॅकला जास्तीत जास्त तीन), काही सांगून गेला का.

समजा 15-15 ची वॉर आहे. अटॅक 30. पहिल्या वॉरला 29 पडले, मग 27, मग 24, मग 20. आकडे मांडून बघितले की कळतं, गळती आधी दुसऱ्या अटॅकला लागते. पहिला अटॅक माणूस लाजेकाजेने, लीडरचा मान राखायला मारतो. दुसरा मारायला त्याला स्वतःला गोडी असावी लागते. सलग दोन वॉरला कुणाचा दुसरा अटॅक राहिला की त्याच आठवड्यात त्याच्याशी बोला. बोलायचं ते खाजगीत. क्लॅन चॅटमध्ये नावं टाकून झापलं की तो एक सुधारतो की नाही कोण जाणे, पण वाचणारे तिघे-चौघे गप्प होतात.

निरोप असा असावा: "अण्णा, छाटणी चालू आहे ना? मग तेवढे दिवस वॉर लाल करून ठेवा. काम उरकलं की हिरवं करा, जागा तुमचीच आहे." वॉरची पसंती लाल करायची (म्हणजे मला वॉरला घेऊ नका; हिरवं म्हणजे घ्या) सोय गेममध्येच आहे, तरी पुष्कळ जण ती वापरत नाहीत, कारण लाल केलं तर आपल्याला काढतील अशी भीती असते. ती भीती लीडरनेच घालवायची. लाल ठेवणाऱ्याला कधीही किक करायचं नाही आणि हिरवं ठेवून दोन्ही अटॅक बुडवणाऱ्याला पुढच्या वॉरला घ्यायचं नाही, एवढा एक नियम क्लॅनच्या माहितीत लिहून टाका.

अटॅक 30 पैकी 24 च्या खाली गेले की वॉर लहान करा. 15 वरून 10 वर येण्यात कमीपणा नाही. अर्धा रिकामा नकाशा बघत हरण्यापेक्षा दहा जणांची पूर्ण वॉर खेळलेली बरी.

गावाचा हंगाम बघून वॉर लावा

इथे लीडर लोक फार चुकतात. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागवाल्याला फवारणीतून डोकं वर काढता येत नाही, आणि जानेवारी ते एप्रिल माल काढणी असते. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की ऊसवाहतुकीवरची पोरं रात्री-अपरात्री रस्त्यावर असतात. गणपतीत मंडळाची कामं, त्यापुढे परीक्षा, भरतीचं ग्राउंड. साताऱ्याकडची फौजेतली पोरं तर सुट्टीवर येईपर्यंत दिसतही नाहीत. या सगळ्यांना "निष्क्रिय" म्हणून काढलं तर हंगाम संपल्यावर ती दुसऱ्या क्लॅनमध्ये असतात. वर्षाच्या सुरुवातीलाच कोण कधी अडकलेला असतो ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि त्या महिन्यांत आठवड्याला एकच वॉर लावा.

लीगची मेडल

क्लॅन वॉर लीगमध्ये आठ क्लॅनचा गट असतो. सात दिवस, रोज एक वॉर, माणशी रोज एकच अटॅक. 15 ची लीग म्हटली की एकूण जागा 105. फक्त 15 जण उतरवले आणि दोघे अडकले तर रोज दोन अटॅक बुडतात. 20 जण उतरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पाच दिवस येतात. पूर्ण मेडल (लीगचं बक्षीस) मिळायला आठ स्टार लागतात, म्हणून ज्याचे आठ झाले त्याला एखादा दिवस बसवा आणि ज्याचे पाच-सहा आहेत त्याला खेळवा. हा हिशोब पाचव्या दिवशी करायचा. सातव्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नसतो.

खरा वाद होतो तो बोनस मेडलवरून. ती मोजक्याच जणांना देता येतात. लीडरने दर महिन्याला आपल्याच जोडीदारांना दिली की बाकीचे तोंडावर काही बोलत नाहीत, पण पुढची लीग दुसरीकडे खेळतात. दोन पद्धती चालतात: स्टारच्या क्रमाने, किंवा पाळीने. लहान टाऊन हॉलवाले जास्त असतील तर पाळी बरी, कारण स्टारच्या क्रमात त्यांचा नंबर लागतच नाही. पद्धत कोणतीही घ्या, ती लीग सुरू व्हायच्या आधी जाहीर करा आणि मधे बदलू नका.

को-लीडर किती आणि कोण

को-लीडरला (लीडरच्या खालचं पद) वॉर लावता येते आणि माणसं काढताही येतात. खूश करायला म्हणून वाटलेलं पद पुढे अंगाशी येतं: रागाच्या भरात एकाने रात्रीतून वीस-तीस जण किक केले तर सकाळी लीडरला एकेकाला शोधून परत बोलवावं लागतं. ईव्ह ऑनलाइन या खेळात फेब्रुवारी 2009 मध्ये याहून मोठं घडलं. बँड ऑफ ब्रदर्स ही तिथली त्या काळातली अतिशय बलाढ्य आघाडी होती. तिचा एक डायरेक्टर विरोधकांना, गूनस्वॉर्मला, फितूर झाला. त्याच्याकडे असलेल्या अधिकाराने आघाडीच विसर्जित केली गेली. वर्षानुवर्षं लढून मिळवलेला मुलूख आणि नाव दोन्ही गेलं.

50 च्या क्लॅनला तीन-चार को-लीडर पुरतात. प्रत्येकाला एक ठरलेलं काम द्या: एक वॉर, एक लीग, एक नवीन माणसं, एक रेड वीकेंड (आठवड्याच्या शेवटी क्लॅनने मिळून करायची चढाई). दर दोन-तीन महिन्यांनी कामाची अदलाबदल करा आणि प्रत्येकाच्या हाताखाली एक एल्डर (को-लीडरच्या खालचं पद) शिकत ठेवा. लीडरची नोकरी पुण्याला लागली आणि त्याला वेळ उरला नाही, तर त्याने महिनाभर आधी पद सोपवायचं. नव्याला लीडर केलं की जुना आपोआप को-लीडर होतो, त्यामुळे अडलं-नडलं बघता येतं.

गेमच बदलला किंवा बंद पडला तर

कधी दोष माणसांचा नसतोच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीच्या काळात मोठ्या रेडला (एकत्र मिळून करायच्या मोहिमेला) 40 जण लागायचे. जानेवारी 2007 च्या विस्तारात आधी 10 जणांची आणि पुढे 25 जणांची रेड आली. 40 चा गिल्ड (तिथला क्लॅन) चालवणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला की पहिल्या दहात कोण आणि 25 च्या बाहेर राहणाऱ्या 15 जणांचं काय. पहिला गट, दुसरा गट असं सुरू झालं की दुसऱ्या गटातले निघून जातात. तुमच्याकडेही नवा टाऊन हॉल आला की पुढे गेलेले आणि मागे राहिलेले अशी फूट दिसते. अशा महिन्यात एक लहान वॉर फक्त मागच्यांसाठी लावा.

आपल्याकडे पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, त्याची भारतातली आवृत्ती बीजीएमआय जुलै 2021 मध्ये आली, जुलै 2022 मध्ये स्टोअरवरून हटली आणि मे 2023 मध्ये परतली. ज्या स्क्वाडची (एकत्र खेळणाऱ्या टोळीची) ओळख फक्त गेमच्या चॅटपुरती होती, त्यांना एकमेकांना शोधणंच अवघड झालं. म्हणून गेमबाहेर एक व्हॉट्सअॅप ग्रुप हवाच. नंबर मात्र ज्याचा त्याने खुशीने द्यायचा, शाळकरी पोरं असतील तर जास्तच सांभाळून. आणि कस्टम रूमला (आपणच लावलेल्या खाजगी सामन्याला) एंट्री फी गोळा करून बक्षीस वाटायच्या भानगडीत पडू नका. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे, आणि पैशाचा हिशोब आला की मैत्रीही जाते.

दोन क्लॅन एकत्र करताना

कायम खेळणारे बाराच्या खाली आले आणि दोन महिने तसेच राहिले, तर विलीनीकरणाचं बोलणं सुरू करा. उशीर केला की ते बाराही पांगतात. आधी समोरच्या क्लॅनशी दोन-तीन फ्रेंडली वॉर खेळा, बोलीभाषा आणि वेळा जुळतात का बघा. ज्याची क्लॅन लेव्हल जास्त तो क्लॅन ठेवायचा. येणाऱ्यांच्या लीडरला पहिल्या दिवशी को-लीडर करा आणि पहिली दोन वॉर दोन्हीकडच्यांना निम्म्या-निम्म्या जागा द्या. येणाऱ्यांनी सगळे एकदम उठून यायचं, चार-चार करून नाही, नाहीतर मागे राहिलेल्यांना टाकून दिल्यासारखं वाटतं. निघताना जुन्या क्लॅनमध्ये कुणाचं तरी दुसरं अकाउंट लीडर म्हणून ठेवा आणि दार फक्त निमंत्रणावर करा. म्हणजे जमलं नाही तर परत यायला नाव आणि लेव्हल शाबूत राहते.