एलएलव्हीएमचा बिल्ड मधेच मरतोय? आधी हे बघा

एलएलव्हीएमचा (कंपायलर बनवायच्या साधनांचा प्रोजेक्ट) सोर्स क्लोन केला, सीमेक (बिल्डची मांडणी करणारं टूल) नीट चाललं, निंजा (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारं टूल) लावलं आणि अगदी शेवटी येऊन बिल्ड मेला, असं झालं की लगेच कोड उकरायला जाऊ नका, बहुतेक वेळा कोडची काही चूक नसते. टर्मिनलमधे वर स्क्रोल करून 'फेल्ड' शब्द शोधा, खरी एरर तिथे असते, शेवटची ओळ फक्त बिल्ड थांबला एवढंच सांगते.

तिथे 'किल्ड' किंवा 'सिग्नल ९' दिसलं तर रॅम संपली समजा, लिनक्सवर डीमेसेज (dmesg, कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) चालवलं की 'आउट ऑफ मेमरी' सापडेल. माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर दर वेळी हेच व्हायचं, कारण डीबग बिल्डमधे (चुका शोधायला जादा माहिती भरलेला बिल्ड) एकेक लिंक, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवायची पायरी, कितीतरी जीबी खाते आणि निंजा अशा बऱ्याच लिंक एकदम सुरू करतं. म्हणून सीमेकला पॅरलल लिंक जॉब्स १ किंवा २ द्या, लिंकर (हे जोडकाम करणारं टूल) म्हणून एलएलव्हीएमचाच एलएलडी घ्या, बिल्ड टाइप रिलीज ठेवा, पण असर्शन्स (कोडमधल्या आपोआप होणाऱ्या तपासण्या) वेगळे चालू करा हं, खूप बग तिथेच पकडले जातात. टार्गेट्समधे फक्त आपल्या मशीनचं, म्हणजे एक्स८६ वगैरे ठेवा, नाहीतर सगळ्या प्रोसेसरांचे बॅकएंड (त्या त्या प्रोसेसरसाठी मशीन कोड बनवणारे भाग) उगाच बिल्ड होत बसतात.

कंपायलर बदलला असेल तर जुनी बिल्ड डिरेक्टरी सरळ उडवा, सीमेकची कॅश जुनाच पाथ धरून बसते. आणि सतत ब्रँच बदलत असाल तर सीकॅश (ccache, आधी कंपाइल झालेलं साठवून परत वापरणारं टूल) आजच लावा.