सर्व्हरला पॅच लावायचाय? आधी एकदा नुसताच रीस्टार्ट करा

"चलता हा मा, मगे कित्याक हात लावतंस?" काजूच्या कारखान्यापासून पतसंस्थेपर्यंत, सर्व्हरच्या पॅचचा विषय काढला की मला हेच ऐकवलं जातं. चालतो खरा. पण कंपनीने पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं सुरक्षेचं भोक बुजवणारी दुरुस्ती, बाहेर काढला की भोक नेमकं कुठे होतं हे साऱ्या जगाला कळतं. पॅच उलगडून वाचणारे लोक असतात, आणि ते सगळेच सज्जन नसतात. म्हणजे तुम्ही हात न लावलेला सर्व्हर आज कालच्यापेक्षा जास्त उघडा पडलेला असतो.

आपल्याकडे कोण येतंय, असं वाटत असेल तर उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराचं उदाहरण घ्या. 27 जून 2017 रोजी नोटपेट्या नावाचा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) युक्रेनमध्ये सुटला आणि त्याच फेऱ्यात न्हावा शेव्याच्या एका टर्मिनलचं कामकाज अडकलं. तो पसरायला विंडोजमधलं जे भोक वापरत होता, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 लाच दिला होता. गंमत अशी की पॅच लावलेली मशीनही त्यात गेली. एक जरी कच्चं मशीन सापडलं, तरी तो तिथल्या मेमरीतून पासवर्ड उचलून शेजारच्या पक्क्या मशीनमध्ये शिरत होता. त्यामुळे "मुख्य सर्व्हरला लावलाय, बाकीचं बघू" हा सल्ला मी मोडीत काढतो.

यादी

ऑफिसात फिरून प्रत्येक मशीन लिहून काढा. काउंटरखालचं जुनं, कॅमेऱ्यांचं, गोदामातलं, सगळं. राउटरसुद्धा.

यादीत मुदत संपलेली मशीन सापडतीलच. विंडोज सर्व्हर 2012 आणि 2012 आर2 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे नवे पॅच मिळणं, 10 ऑक्टोबर 2023 ला संपला, सेंटओएस 7 या लिनक्सचा 30 जून 2024 ला. सर्व्हर 2016 ची मुदत 12 जानेवारी 2027 पर्यंत आहे, तेव्हा त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा. मुदत संपलेलं मशीन लगेच बदलता येत नसेल तर त्याचं इंटरनेट तोडा, फाइल शेअर करायच्या एसएमबी या पद्धतीची पहिली आवृत्ती बंद करा आणि राउटरवर रिमोट डेस्कटॉपसाठी (लांबून मशीन चालवायला) उघडलेला 3389 पोर्ट आज संध्याकाळच्या आत मिटवा. पोर्टचा नंबर बदलला की झालं, असं सांगणाऱ्या सिस्टीमवाल्याला चहा पाजून परत पाठवा.

दिवस कोणता

मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्या घड्याळाने रात्री साडेदहा किंवा साडेअकराला. मी साध्या पॅचसाठी त्याच्या पुढच्या आठवड्यातला बुधवार धरतो. मधल्या आठ दिवसांत पॅचचेच दोष बाहेर पडतात. जानेवारी 2022 च्या पॅचने कित्येक डोमेन कंट्रोलर (ऑफिसातली लॉगिन तपासणारे सर्व्हर) पुन्हा पुन्हा आपोआप रीस्टार्ट होऊ लागले होते, आणि दुरुस्ती आठवड्याभरात आली. थांबणाऱ्यांची झोप वाचली. मात्र त्या भोकावर हल्ले सुरू झाल्याची बातमी असेल आणि तुमचं मशीन इंटरनेटला थेट उघडं असेल, तर बुधवारची वाट बघू नका. त्याच रात्री लावा.

जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हापासून "बघा, अपडेटच नको" म्हणणाऱ्यांना जोर चढलाय. ते अपडेट विंडोजचं नव्हतं, एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं होतं, आणि सगळीकडे एकदम गेलं म्हणून घात झाला. त्यातून घ्यायचं ते एवढंच: आधी एका मशीनवर, मग बाकीच्यांवर.

"गणपतीच्या सुट्टीत करून टाकू" हा कोकणातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात वाईट बेत. तेव्हा सॉफ्टवेअरवाला, यूपीएसवाला आणि तुमचा अकाउंटंट तिघेही आपापल्या घरी आरतीला उभे असतात. बिघडलं तर फोन कोण उचलणार? शिमग्यालाही तेच. पतसंस्थेने मार्चअखेर टाळावी, आंबा कॅनिंगवाल्यांनी मे महिन्यात फक्त तातडीचेच पॅच घ्यावेत, हॉटेलवाल्यांनी शुक्रवार-शनिवारचं नाव काढू नये.

बॅकअप आणि डाउनलोड

बॅकअप घ्या आणि त्यातली एक फाइल परत काढून उघडून बघा. व्हर्च्युअल मशीनचा (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या मशीनचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली अवस्था, हा बॅकअप नव्हे. काम झाल्यावर दोन-तीन दिवसांत तो काढून टाका, नाहीतर फुगत फुगत डिस्क भरतो.

पॅच आदल्या दिवशीच उतरवून ठेवा. हायवेच्या कामात जेसीबीने फायबर कधी तोडावी याचा नेम नाही.

रीस्टार्ट

मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. अजूनही नवी माणसं इथेच अडकतात.

पहिली गोष्ट: पॅच डिस्कवर बसला म्हणजे लागला असं नाही. रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत जुनाच, भोकाचा कोड चालू असतो. "अपडेट केलेत" असं छातीठोक सांगणाऱ्या ऑफिसात जाऊन बघितलं की रीस्टार्ट बाकी असल्याची सूचना महिनोन्‌महिने कोपऱ्यात बसलेली असते. उबुंटू या लिनक्समध्ये तर लॉगिन करताच ओळ येते, 'सिस्टम रीस्टार्ट रिक्वायर्ड'. तीही कोणी वाचत नाही.

लोक रीस्टार्टला का घाबरतात ते मला कळतं. वर्षभर बंद न झालेल्या मशीनमध्ये काय काय दडलेलं असतं ते बंद करून चालू केल्याशिवाय दिसत नाही. डिस्क थकलेली असते. डेटाबेसची सर्व्हिस कधीतरी कोणीतरी हाताने सुरू केलेली असते, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, बदललेला असतो. खाऱ्या हवेने रॅमचे पाय काळे पडलेले असतात. अशा मशीनला तुम्ही पॅच लावता, रीस्टार्ट करता, आणि बिलिंग उघडत नाही. मग शिव्या पॅचला. रात्रभर बसून पॅच काढायचा, तरी बिलिंग बंदच, कारण पॅचचा त्यात काही दोष नव्हता.

म्हणून पॅच लावायच्या आधी एकदा नुसता रीस्टार्ट करा. काहीही न बदलता. मशीन वर आलं की दुसऱ्या काँप्युटरवरून एक बिल काढून बघा. निघालं, तर पुढे जा. नाही निघालं, तर ते जुनं दुखणं आहे. आज तेच दुरुस्त करायचं आणि पॅच पुढच्या रात्रीवर टाकायचा. यात अर्धा तास जास्त जातो म्हणून कुरकुर करणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांना रात्री दोनला माझा फोन लागत नाही एवढंच.

दुसरी गोष्ट लाईटची. पॅच बसत असताना लाईट गेली आणि यूपीएसने मान टाकली, तर विंडोज अर्धवट अवस्थेत अडकतं. यूपीएसची चाचणी आदल्या दिवशी, सर्व्हर बंद करून, दुसरा काहीतरी लोड जोडून आणि भिंतीवरची वायर काढून घ्या. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पूड दिसली तर आधी ती साफ करून घ्या. आकाशात गडगडत असेल तर घरी जा.

तिसरी गोष्ट हाताची. 'बंद करू नका' असं लिहिलेला पडदा तासभर हलला नाही की बोट आपोआप पॉवरच्या बटणाकडे जातं. जाऊ देऊ नका. सर्व्हर 2016 तर पॅच बसवायला बदनाम आहे, इतका हळू. डिस्कचा दिवा मिचकावतोय तोवर काम चालू आहे असं समजा. माझा नियम दोन तासांचा. दिवाही थंड आणि दोन तासही उलटले, तरच हात लावायचा.

आणि हे काम पुण्या-मुंबईत बसून रिमोटने करणार असाल, तर ऑफिसची किल्ली असलेला माणूस इथे जागा पाहिजे. मशीन वर आलं नाही तर रिमोटही येत नाही. सर्व्हरला आयलो किंवा आयड्रॅक (बंद सर्व्हरही लांबून चालू करायची सोय) असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही आधी लॉगिन करून बघा.

जास्त सर्व्हर असतील तर डोमेन कंट्रोलर आधी वर येऊ द्या, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारं सॉफ्टवेअर. दोन डोमेन कंट्रोलर एकाच वेळी कधीही पाडू नका.

पॅच

पहिला रीस्टार्ट नीट झाला की पॅच लावा, पुन्हा रीस्टार्ट करा, पुन्हा तेच बिल काढा. लिनक्सवर जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) साठून बूटचं पार्टिशन भरलेलं नाही ना, तेवढं आधी बघा.

माघारीची वेळ सुरू करण्याआधीच ठरवा. "अकरापर्यंत बिल निघालं नाही तर पॅच काढायचा" असं कागदावर लिहा. दमलेल्या डोक्याला "अजून एक करून बघू" फार सुचतं.

वही

तारीख, मशीन, काय लावलं, किती वेळ गेला, काय अडलं. पाच रकाने पुरतात. सर्व्हरचे लॉगही (काय कधी घडलं याच्या नोंदी) उडवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांनी ते 180 दिवस ठेवायचे असतात, आणि हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं.

एक रकाना सॉफ्टवेअर विकणाऱ्यासाठी ठेवा. "विंडोज अपडेट केलंत तर आमची जबाबदारी नाही" असं फोनवर सांगणारे बरेच असतात. त्यांच्याकडे तेच वाक्य ईमेलवर मागा, कोणता पॅच आणि का चालत नाही यासकट. लेखी मागितलं की बहुतेकदा दोन दिवसांत "आता चालेल, करून घ्या" असा फोन येतो.