आधी स्केल, मग गेज: मॉडेल रेल्वेचा संग्रह कसा लावावा

स्केल म्हणजे मूळ गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान, आणि गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. संग्रह लावायला बसलं की हात आधी रुळांकडे जातो. १६.५ मिमीचे रूळ एका बाजूला, ९ मिमीचे दुसऱ्या बाजूला, आणि ज्या रुळावर जे इंजिन बसेल ते त्या ढिगात. घोळ होतो तो इथेच, कारण एकाच रुळावर वेगवेगळ्या स्केलची मॉडेल्स चालतात; एचओ, ओओ, एन ही स्केलांची नावं. १६.५ मिमीच्या रुळावर १:८७ चं एचओ चालतं, १:७६.२ चं ब्रिटिश ओओ चालतं, जपानी १:८० ही चालतं. ९ मिमीवर युरोप-अमेरिकेचं १:१६० चं एन, ब्रिटिश १:१४८, जपानी १:१५०, शिवाय एचओ स्केलमधली नॅरोगेज. म्हणून पहिली वाटणी स्केलने करा, गेज त्याच्यानंतर.

कोल्हापूरच्या माणसाला तर याची जास्तच गरज पडते. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये मीटरगेज म्हणून सुरू झाला आणि आज ब्रॉडगेज आहे. मिरजेहून लातूरकडे जाणारी बार्शी लाइट ७६२ मिमीची नॅरोगेज होती. हे सगळं एचओमध्ये करायचं तर स्केल एक आणि रूळ तीन. मीटरगेजच्या १००० ला ८७ ने भागलं तर ११.५ मिमी येतात, त्यासाठी १२ मिमीचे रूळ वापरतात. नॅरोगेजला ८.८ येतात, तिथे ९ मिमी. ब्रॉडगेजच्या १६७६ ला ८७ ने भागलं तर १९.३ येतात; पण तयार मिळणारे एचओ रूळ १६.५ चे, म्हणजे युरोपच्या १४३५ मिमी गेजचे, आणि आपली ब्रॉडगेज मॉडेल्स सहसा त्यांच्यावरच चालवली जातात. नुसत्या गेजवर वाटणी केली तर बार्शी लाइटचं इंजिन एनच्या ढिगात जाऊन पडेल.

म्हणून प्रत्येक खोक्यावर तीन आकडे लिहा: स्केल, मॉडेलचं गेज, मूळ गाडीचं गेज. उदाहरणार्थ ‘१:८७ / १२ / १०००’. एवढ्या चिठ्ठीवरून खोकं न उघडता कळतं की आत एचओमधली मीटरगेज आहे.

स्केल ओळखायला कंपनीच्या नावावर विसंबू नका. लिमा या कंपनीने ब्रिटिश गाड्या आधी एचओत काढल्या आणि नंतर ओओत. खोक्यावरचं नाव मात्र तेच. व्हर्निअर कॅलिपर घ्या, डब्याची बॉडी बफर (टोकांचे धक्के झेलणारे भाग) सोडून मोजा आणि मूळ गाडीच्या लांबीला त्या मापाने भागा. आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याची बॉडी २१,३३७ मिमी असते. मॉडेल २४५ मिमी भरलं तर उत्तर ८७, म्हणजे एचओ. २८० मिमी भरलं तर ओओ. पण लांबीवर थांबू नका. वळणावर डबा नीट फिरावा म्हणून काही कंपन्या एचओचे डबे मुद्दाम आखूड करतात, लांबी १:१०० आणि उंची-रुंदी १:८७. अशा वेळी खरं माप रुंदीचं. आयसीएफचा ३,२४५ मिमी रुंद डबा एचओत ३७.३ मिमी भरतो, ओओत ४२.६. पाच मिलिमीटरचा हा फरक व्हर्निअरवर लपत नाही, आणि एकाच गाडीत दोन्ही जोडले की लांबूनही खुपतो.

गेज तपासायला दरवेळी व्हर्निअर काढायचा कंटाळा येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिलिंगचं काम करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमधून ३ मिमी जाडीची पितळी पट्टी पायऱ्या-पायऱ्यांची करून घ्या: ९, १२ आणि १६.५ मिमी. पट्टी दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये टाकायची. ज्या पायरीवर किंचित सैल बसेल ते गेज. पितळ वीज वाहून नेतं, म्हणून आधी रुळांचा सप्लाय बंद करा, नाहीतर थेट शॉर्ट.

यानंतर वीज. मार्क्लिन कंपनीच्या जुन्या एचओ गाड्या तीन रुळांच्या एसी पद्धतीच्या. त्यांच्या चाकांत इन्सुलेशन नसतं, आणि इंजिनाच्या पोटाखाली मधल्या रुळातून वीज घेणारी लांबट पट्टी असते. दोन रुळांच्या डीसी ट्रॅकवर अशी चाकं ठेवताच शॉर्ट होतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा, एकाच आसाच्या दोन चाकांना टोकं टेकवा. बीप वाजला तर तो डबा वेगळ्या रंगाच्या पेटीत. ही पेटी दुसऱ्या कपाटात गेली तर अधिकच चांगलं.

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतरही याच बैठकीत मोजून घ्या. एचओला साधारण १४.४ मिमी हवं. कमी असेल तर पॉइंटवर (जिथे रूळ फुटतात तिथे) चाक चेक रेलवर (चाकाला वाट दाखवणाऱ्या आतल्या रुळावर) चढतं आणि गाडी घसरते, आणि लोक दोष पॉइंटला देतात. कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) वाटणी सर्वांत शेवटी; तो बदलता येतो, स्केल बदलता येत नाही.

ठेवायचं कशात? जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पुठ्ठ्याचं खोकं ओल धरतं, बुरशी येते. मूळ खोकी जपायची असतील तर ती रिकामी, वरच्या फळीवर. गाड्या झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह; निळे दाणे गुलाबी झाले की वाळवून परत टाका. जुना फोम काही वर्षांनी विरघळून रंगाला चिकटतो, तो आधी काढा आणि गाडी आम्लरहित टिश्यूत गुंडाळा. रुळांच्या जुड्यांना रबर बँड नको, त्यातल्या गंधकाने धातू काळा पडतो. सुती नाडी बांधा. लोखंडी रूळ असतील तर ते निकेल-सिल्व्हरच्या रुळांपासून वेगळे, कारण गंज फक्त त्यांनाच चढतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

ज्याचं स्केल ठरत नाही ते कुठल्याच ढिगात ढकलू नका. ‘तपासायचं’ अशी एक पेटी ठेवा आणि आत मोजलेली लांबी, रुंदी आणि गेज लिहिलेली चिठ्ठी टाका. मूळ गाडीची मापं मिळाली की भागाकार करून योग्य जागी हलवा.