अमेरिकेत जुनं रँच घर घेताना काय तपासायचं

आईवडील राहायला येणार, त्यांना जिना चढवत नाही, म्हणून अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं रँच घर शोधतात, म्हणजे आपलं बैठं घर. विचार चांगलाच आहे. मात्र विक्रीला येणारी पुष्कळ रँच घरं १९५० ते १९७५ या काळातली असतात. नवा रंग आणि नवं स्वयंपाकघर पाहून भुलू नका. या घरांचा मोठा खर्च फरशीखाली आणि छताच्या वर निघतो, त्यामुळे तपासणीचे पैसे तिथेच घाला.

आधी घर खरंच बैठं आहे का ते बघा. 'रेझ्ड रँच' असं लिहिलं असेल तर दार उघडताच अर्धा जिना वर आणि अर्धा खाली जातो. काही घरांत हॉल दोन पायऱ्या खाली असतो. गॅरेजमधून घरात शिरतानाही दोन-तीन पायऱ्या लागतात, आणि रोजची ये-जा तिथूनच होते. रॅम्पला दर एक इंच उंचीमागे बारा इंच लांबी धरतात. सात इंची तीन पायऱ्या म्हणजे २१ फुटांचा रॅम्प. एवढी जागा गाडी लावून उरते का ते मोजा. टेप सोबत असू द्याच. जुन्या बाथरूमचं दार २४ ते २८ इंचांचं निघतं; व्हीलचेअरला ३२ इंच मोकळे लागतात, म्हणून दार ३६ इंची हवं. दार मोठं करणं सोपं आहे, अरुंद पॅसेज मोठा करणं नाही. घराच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या भिंतीवर बऱ्याचदा छताचा भार असतो.

भावाची तुलना रँचशीच करा. १,८०० चौरस फुटांच्या रँचला पाया आणि छप्परही तेवढंच लागतं, दुमजली घराला साधारण निम्मं. म्हणून चौरस फुटाचा दर इथे जास्त दिसतो, त्यात फसवणूक नाही. जाहिरातीतल्या आकड्यात तळघर धरलंय का, हे मात्र विचाराच. "२,८००" मधले १,२०० तळघरातले असतील, तर जमिनीवरचं घर १,६०० चौरस फुटांचंच. मूल्यांकन करणाराही तळघर वेगळं धरतो.

आता फरशीखाली. घर थेट काँक्रीटच्या स्लॅबवर असेल, तर सांडपाण्याचे पाइप त्याच्याखाली, आणि जुन्या घरांत ते बिडाचे. बिडाचा पाइप तळाशी गंजून फुटतो, पाणी मुरतं, खालची माती वाहून जाते आणि पाइपला झोळ पडतो. दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागते. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये हे कळत नाही. कॅमेऱ्याची तपासणी वेगळी मागवा आणि कॅमेरा रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपर्यंत न्यायला सांगा. टेक्सासच्या बऱ्याच भागांत चिकणमाती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, विटांमध्ये पायरीपायरीने चढणारी भेग, वरून तासलेलं दार, ही पाया हलल्याची लक्षणं. अशा वेळी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. पाया दुरुस्त करणाऱ्या कंपनीची तपासणी फुकट असते, पण तिला काम हवं असतं.

घराखाली क्रॉल स्पेस, म्हणजे सरपटत जाण्याइतकीच पोकळ जागा, असेल तर इन्स्पेक्टर आत सरपटत गेलाच पाहिजे. जमिनीवर प्लास्टिक अंथरलंय का, लाकडी तुळया काळ्या पडल्यात का, याचे फोटो मागा. रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, याची चाचणी कुठेही टाळू नका, कारण इथे सगळी झोपायची जागा जमिनीलगत असते. दारं-खिडक्या बंद ठेवून किमान ४८ तास मोजतात. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आलं तर उपाय करून घ्यायचा.

रँचचं छप्पर चपटं असतं. बारा इंच आडवं गेल्यावर दोन इंचही चढत नसेल, तर त्यावर डांबरी शिंगल्स (छपरावर बसवायच्या पातळ पट्ट्या) चालत नाहीत; दोन ते चार इंचांच्या उतारावर शिंगल्सखालचा पाणी अडवणारा थर दुहेरी लागतो. माळ्यावर बाथरूमच्या पंख्याची नळी बघा. ती बाहेर न काढता तिथेच सोडलेली असेल तर बुरशी ठरलेली.

वायरिंग १९६५ ते १९७३ मधलं असेल तर ॲल्युमिनियमचं आहे का ते तपासा. त्याचे सांधे सैल होऊन तापतात. विजेचं मुख्य पॅनल १०० अँपिअरचं असेल तर इलेक्ट्रिक गाडी आणि हीट पंपाला (घर गरम-थंड करणारं विजेचं यंत्र) ते बहुधा अपुरं पडेल. नऊ इंची जुन्या फरश्या आणि खडबडीत 'पॉपकॉर्न' छत यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असू शकतं. प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत खरवडू नका.

स्वयंपाकघरात चिमणीची नळी बाहेर जाते का, हे हात लावून बघा. धूर गाळून परत आत सोडणारी चिमणी फोडणीपुढे टिकत नाही. रँचची जमेची बाजू इथे आहे: वर थेट छप्पर असल्याने नळी काढणं सोपं जातं.

करार झाला त्याच दिवशी सगळ्या तपासण्यांच्या वेळा घ्या. इन्स्पेक्शनची मुदत बहुतेकदा सात ते दहा दिवसांचीच असते. १९७८च्या आधीचं घर असेल तर विकणाऱ्याने शिशाच्या रंगाची माहिती लेखी द्यावी लागते, आणि त्याच्या तपासणीला दहा दिवस मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. भारतातून आईवडिलांचे पैसे येणार असतील तर दोन महिने आधी सुरुवात करा. कर्ज देणारी बँक भेटपत्र (हे पैसे परत करायचे नाहीत असं लेखी) आणि पैशांचा माग मागते, आणि वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर अमेरिकेच्या कर खात्याचा फॉर्म ३५२० भरावा लागतो. शेवटची रक्कम पाठवताना खाते क्रमांक ईमेलवरून उचलू नका. टायटल कंपनीला, म्हणजे मालकीहक्क तपासून व्यवहार पूर्ण करणाऱ्या कंपनीला, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खाते क्रमांक पडताळून घ्या.