जपानी सैन्याच्या हाती लागलेल्या वैमानिकाचा शेवट कागदपत्रांतून कसा शोधावा

दुसऱ्या महायुद्धात जपानी ताब्यातल्या मुलखात पडलेल्या वैमानिकाचे पुढे काय झाले हे शोधायचे असेल, तर सुरुवात त्याच्या नावापासून करू नका, विमानापासून करा. जपानने १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केली होती, पण त्याला मंजुरी दिली नव्हती. पकडलेल्या वैमानिकांची तर युद्धकैदी म्हणून अनेकदा नोंदच केली जात नसे. रेड क्रॉसला नाव कळत नसे, घरी पत्र जात नसे. त्यामुळे नावाने शोधणारा 'बेपत्ता, मृत समजावा' या शेऱ्यापाशी येऊन थांबतो. विमान मात्र कुठेतरी पडलेले असते आणि ते कुणीतरी पाहिलेले असते. ते कुठे पडले यावरून माणसे कुणाच्या ताब्यात गेली असतील हे कळते.

अमेरिकन आर्मी एअर फोर्सेसच्या माणसासाठी पहिला कागद म्हणजे 'मिसिंग एअर क्रू रिपोर्ट'. हे अहवाल १९४३ च्या मध्यापासून नियमित भरले जाऊ लागले. विमान बेपत्ता झाल्यावर ४८ तासांत ते भरायचे असत. त्यात विमानाचा अनुक्रमांक, इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांक, शेवटचे ठिकाण, सोबतच्या विमानांतल्या साक्षीदारांची निवेदने आणि सगळ्या दलाची, म्हणजे त्या विमानातल्या सर्व माणसांची, यादी असते. ही यादी आधी उतरवून घ्या. एकट्या माणसाचा माग बहुधा लागत नाही, त्याच्या साथीदारांपैकी एखाद्याचा लागतो आणि तोच पुढे नेतो. अनुक्रमांक लिहिताना एक काळजी घ्या. ४२-ने सुरू होणाऱ्या क्रमांकातले पहिले दोन अंक म्हणजे खरेदीचे आर्थिक वर्ष. शेपटीवर रंगवताना त्यातला पहिला अंक आणि मधली रेघ गाळत. जपानी किंवा स्थानिक नोंदीत आलेला आकडा शेपटीवरचा असतो, हे ध्यानात नसेल तर समोरचा पुरावाही ओळखू येत नाही.

अमेरिकन नौदलाने हे अहवाल वापरलेच नाहीत. तिथे विमानवाहू जहाजाची युद्धदैनंदिनी आणि स्क्वाड्रनचे कारवाई अहवाल पाहावे लागतात. ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलातला माणूस रॉयल एअर फोर्सच्या दफ्तरात मिळणार नाही, तो नौदल खात्याच्या दफ्तरात असतो. ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या हानीच्या फाइली कॅनबेराच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ए७०५ या मालिकेत आहेत आणि त्या चांगल्या जाड असतात.

आता तारखा. जपानी शोवा सनाचा आकडा घ्या आणि त्यात १९२५ मिळवा. शोवा २० म्हणजे १९४५. जपानी सैन्य व्यापलेल्या मुलखातही तोक्योची वेळ पाळत असे. अमेरिकन तळ असलेल्या मारियाना बेटांवरची घड्याळे तोक्योच्या एक तास पुढे होती आणि तिथली बी-२९ बाँबफेकी विमाने बहुधा आदल्या संध्याकाळी निघत. शिवाय अमेरिकेतल्या कागदांवरची तारीख एक दिवस मागे असू शकते. म्हणून एका दिवसाचा फरक दिसला की लगेच 'ही दुसरीच घटना' म्हणून फाइल बाजूला ठेवू नका. नावांचेही तसेच आहे. जपानी लिपीत ल आणि र यांत भेद नाही आणि जोडाक्षरे सुटी होतात, त्यामुळे वॉटकिन्स या नावाचे 'वातोकिन्सु' होते. नाव मोठ्याने वाचा आणि दलाच्या यादीशी ताडून पाहा.

ताबा कुणाचा होता

मुख्य जपानी बेटांवर १९४५ मध्ये पडलेला माणूस आधी गावकरी किंवा पोलिसांच्या हाती लागे, मग केम्पेताई म्हणजे लष्करी पोलिसांकडे आणि तिथून त्या भागाच्या सैन्य मुख्यालयाकडे जाई. क्यूशू बेटासाठी फुकुओकाचे पश्चिम मुख्यालय, नागोयासाठी तोकाई, ओसाकासाठी मध्य, तोक्योसाठी पूर्व. ज्याच्याकडून उपयोगाची माहिती मिळेल असे वाटे, त्याला तोक्योला धाडत, बाकीचे तिथेच राहत. म्हणून एकाच विमानातल्या माणसांचे शेवट वेगवेगळे झालेले दिसतात. ५ मे १९४५ रोजी क्यूशूवर पडलेल्या एका बी-२९ चा कप्तान मार्विन वॉटकिन्स तोक्योला नेला गेला आणि वाचला. त्याच्या दलातल्या काही जणांवर क्यूशू विद्यापीठाच्या शस्त्रक्रियागृहात जिवंतपणी प्रयोग करून त्यांना मारण्यात आले. तिथे असे एकूण आठ वैमानिक मारले गेले.

मुख्यालय कळले की पुढची पायरी युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांची. इथे नवखा हमखास चुकतो, कारण खटल्याची फाइल आरोपीच्या नावाने लावलेली असते. मेलेल्याचे नाव मुखपृष्ठावर नसते, ते आत कुठल्या तरी आरोपकलमात असते आणि अनेकदा तिथेही फक्त 'एक अनोळखी अमेरिकन वैमानिक' एवढेच लिहिलेले असते. म्हणून आधी त्या मुख्यालयाचा प्रमुख शोधा. नागोयासाठी ओकादा तासुकू. तोकाई सैन्याने ३८ वैमानिक मारले, खटला १९४८ मध्ये योकोहामात अमेरिकन लष्करी आयोगापुढे चालला आणि ओकादाला सप्टेंबर १९४९ मध्ये फाशी झाली. तोक्योच्या दक्षिणेकडच्या चिचिजिमा बेटासाठी ताचिबाना योशिओ. पण हा खटला योकोहामाच्या गठ्ठ्यात शोधू नका. तो अमेरिकन नौदलाने ग्वाममध्ये चालवला होता. ब्रिटिशांनी चालवलेले खटले लंडनजवळच्या क्यू इथल्या अभिलेखागारात डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्ध खाते) २३५ या मालिकेत आहेत, ऑस्ट्रेलियाचे तिथल्या अभिलेखागारात ए४७१ मध्ये.

योकोहामाच्या प्रत्येक खटल्याचा कायदा विभागाने टंकलिखित आढावा केला होता. हे आढावे अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या एम१११२ या मायक्रोफिल्मवर आहेत. शेकडो पानांची साक्ष उघडण्यापूर्वी आढावा वाचा. त्यात आरोप, पुराव्याचा सारांश आणि शिक्षा एका ठिकाणी मिळते.

जिथे खटलाच झाला नाही तिथे तपासाची फाइल शोधावी लागते. जानेवारी १९४५ मध्ये सुमात्रा बेटावरच्या पालेम्बांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर झालेल्या हल्ल्यात पकडलेले नऊ ब्रिटिश नौदल वैमानिक सिंगापूरला नेऊन मारले गेले. मुख्य संशयितांनी आत्महत्या केल्यामुळे कोर्टाचा कागदच तयार झाला नाही. अशा प्रकरणासाठी डब्ल्यूओ ३२५ ही तपासाची मालिका चाळा.

पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका

शरणागतीच्या सुमारास जपानी सैन्याने कागद जाळले आणि वैमानिकांविषयीची उत्तरे आधीच ठरवून ठेवली. क्यूशू विद्यापीठात मारलेले वैमानिक हिरोशिमाला पाठवले होते आणि अणुबाँबमध्ये मेले, असे दाखवले गेले. चिचिजिमावरच्या अधिकाऱ्यांनी कैदी अमेरिकन बाँबहल्ल्यात मेल्याचे सांगायचे ठरवले. ओकिनावा प्रांतातल्या इशिगाकी बेटावर १५ एप्रिल १९४५ रोजी मारलेल्या तीन नौदल वैमानिकांची प्रेते नंतर उकरून जाळली गेली. शांघायमध्ये डूलिटल हल्ल्यातल्या (एप्रिल १९४२ मधला जपानवरचा अमेरिकन हवाई हल्ला) तिघांना १५ ऑक्टोबर १९४२ रोजी गोळ्या घातल्या, तर त्यांच्या अस्थिकलशांवर खोटी नावे होती.

अडचण अशी, की 'बाँबहल्ल्यात मेला' हे कधीकधी खरेही असते. तोक्योच्या लष्करी तुरुंगात २५-२६ मे १९४५ च्या आगीत ६२ अमेरिकन वैमानिक जळून मेले. हिरोशिमात खरोखरच १२ अमेरिकन मेले. म्हणून दावा असा तपासा: तो माणूस त्या शहरात कोणत्या तारखेला पोचला, कुणी पोचवला, आणि तिथे त्याला पाहिलेला दुसरा कैदी किंवा पहारेकरी आहे का. हिरोशिमात मेलेले बारा जण २८ जुलै १९४५ च्या सुमारास हिरोशिमाजवळच्या कुरे बंदराच्या परिसरात पाडलेल्या विमानांतले होते. दोन बी-२४ बाँबफेकी विमाने आणि विमानवाहू जहाजांवरची विमाने. मे महिन्यात क्यूशूवर पडलेल्या माणसाच्या नावापुढे 'हिरोशिमा' दिसले, तर तो कागद पुरावा म्हणून नव्हे, झाकपाक म्हणून वाचा. फुकुओकात २० जून, १० ऑगस्ट आणि १५ ऑगस्टला वैमानिकांना मारले गेले. शेवटचे तर सम्राटाचे शरणागतीचे भाषण झाल्याच्या दिवशी. या तीन तारखांशी आधी जुळवून पाहा.

साक्षींमध्ये अधिकाऱ्याच्या पहिल्या निवेदनाला सगळ्यात कमी किंमत द्या. स्वयंपाकी, चालक, खड्डे खणणारे शिपाई यांची शपथपत्रे जास्त कामाची असतात. त्यांना नाव माहीत नसते, पण उंची, केसांचा रंग, दुखापत आणि बुटांचे वर्णन ते करतात. एकाच आरोपीची सगळी निवेदने तारखेनुसार लावा. ती कधी बदलली आणि त्याच्या आधी कोणता नवा साक्षीदार पुढे आला होता, यावरून बरेच कळते.

छायाचित्रांबाबत तर कडक राहा. गुडघे टेकलेल्या कैद्यावर तलवार उगारल्याचे जे प्रसिद्ध छायाचित्र आहे, ते बरीच वर्षे बिल न्यूटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाचे म्हणून छापले जाई. न्यूटनचा शिरच्छेद २९ मार्च १९४३ रोजी न्यू गिनीतल्या सालामाउआत झाला हे खरे, पण छायाचित्रातला माणूस लेनर्ड सिफलीट आहे. तो वैमानिक नव्हता आणि त्याला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू गिनीतच आइतापेला मारले गेले.

शेवटी अवशेषांची फाइल. अमेरिकन आर्मीच्या माणसाची वैयक्तिक सेवा-फाइल १९७३ च्या सेंट लुईसच्या आगीत गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. मृत्यूनंतरची फाइल, आयडीपीएफ (इंडिव्हिज्युअल डिसीज्ड पर्सोनेल फाइल), वेगळी असते आणि ती मागवता येते. तिच्यात दातांचा तक्ता, उत्खननाचे अहवाल, कुटुंबाशी झालेला पत्रव्यवहार आणि ओळख न पटलेल्या अवशेषांचे एक्स-क्रमांक असतात. एक्स-क्रमांक मिळाला की त्याची स्वतंत्र फाइल मागवा आणि त्याच जागेवरून निघालेले लगतचे क्रमांकही मागवा, कारण एकाच खड्ड्यातल्या माणसांची हाडे दोन-तीन क्रमांकांत विभागली गेलेली असतात. दक्षिण किंवा पूर्व आशियात मेलेल्या, राष्ट्रकुलाच्या हवाई दलांतल्या वैमानिकाला कबर नसेल, तर क्रांजीच्या सिंगापूर स्मारकावर त्याचे नाव शोधा. तिथे नाव असणे म्हणजे अवशेष सापडले किंवा ओळखले गेले नाहीत एवढेच. तो कसा मेला, याचा तो पुरावा नाही.