फोर-बाय-फोर गाडीचा आवाज नेमका कुठला, ते कसं ओळखावं

गाडीच्या पोटातून घरघर सुरू झाली की पहिला संशय डिफरेन्शियलवर (अ‍ॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचावर) जातो आणि क्राउन-पिनियन (तिथले मुख्य दातेरी गिअर) उघडायची घाई होते. ती करू नका. लॅडर चॅसिसमधून, म्हणजे गाडीच्या शिडीसारख्या सांगाड्यातून, आवाज फिरतो. मागच्या हाउसिंगची (डिफरेन्शियलच्या पेटीची) घरघर पुढच्या सीटखालून आल्यासारखी वाटते. आवाज कुठून येतोय याबाबत कान फसतो, पण तो कधी येतो हे पक्कं कळतं. म्हणून आधी गाडी चालवून बघायची, पाना नंतर हातात घ्यायचा. हे सगळं थार, जिप्सीसारख्या पार्ट-टाइम (गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणाऱ्या) फोर-व्हील गाड्यांसाठी आहे, ज्यांच्या ट्रान्स्फर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीत) सेंटर डिफरेन्शियल नसतं.

मोकळा, सरळ रस्ता बघा आणि टू-हायमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) ताशी ६० किमी ठेवा. थोडं रेटा, मग अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. रेटताना क्राउनचे दात एका बाजूने भार घेतात, पाय काढल्यावर दुसऱ्या बाजूने. त्यामुळे शिट्टीसारखा बारीक सूर यातल्या एकाच वेळी येत असेल, तर क्राउन-पिनियनची घासण किंवा सेटिंग बघावी लागेल. अ‍ॅक्सिलरेटरने काहीच फरक पडत नसेल तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर तो टायरचा. मड-टेरेन टायर असतील तर हे आधी तपासा, कारण त्यांची घूं-घूं हुबेहूब बेअरिंगसारखी असते. बेअरिंगची खूण वळणावर मिळते. गाडी हलकेच उजवीकडे घेतली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा डावीकडचं बेअरिंग गेलेलं असतं.

ठेका मोजता आला तर काम आणखी सोपं होतं. ६० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे घेतं. अ‍ॅक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ४ च्या आसपास असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) २८. सुटे सुटे धक्के जाणवत असतील तर चाकाकडे बघा. सलग थरथर, पायाला मुंग्या आल्यासारखी, ती शाफ्टची.

गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना एकच ‘खट्ट’ होत असेल, किंवा हळू चालवताना चीं-चीं असा वेगाबरोबर वाढणारा आवाज असेल, तर बहुधा युनिव्हर्सल जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाच्या, वाकू शकणाऱ्या सांध्याचा) क्रॉस, म्हणजे त्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा, खराब आहे. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना आडवे ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड हवाच. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे गिअर गाडी धरून ठेवत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जॉइंटच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा. जराही ढिलाई जाणवता कामा नये. क्रॉसच्या टोकांवरच्या कपांच्या कडेला गेरूसारखी तांबडी पूड दिसली तर आत ग्रीस संपलंय. क्रॉस काढल्यावर त्याच्या दांड्यांवर कपांतल्या सुईसारख्या बेअरिंगचे उभे व्रण दिसतील. नुसता कोरडा असेल तर चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. शाफ्ट काढण्याआधी रंगाने खुणा करून ठेवा. योक (क्रॉस धरणारे काटे) एक दात जरी पुढेमागे बसले तर क्रॉस नवा घालूनही थरथर लागते आणि दोष नव्या पार्टवर जातो. गाडी थांबता थांबता होणारी ‘खट्ट’ मात्र बऱ्याचदा स्लिप जॉइंटचे (शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या भागाचे) स्प्लाइन, म्हणजे खाचा, कोरडे असल्याची असते, तिथेही ग्रीस द्या.

कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद) वळताना टायर अडखळतात, खाडखाड होते. तो बिघाड नाही. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक सामावायला जागाच नसते, म्हणून सगळी गाडी पिळली जाते. लिव्हर टू-हायमध्ये परत येत नसेल तर काही मीटर सरळ रिव्हर्स घ्या. याच कारणाने पुढच्या सीव्ही जॉइंटची (पुढच्या चाकाला वळतानाही ताकद देणाऱ्या सांध्याची) टक-टक टू-हायमध्येच तपासा: स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी हळू फिरवा. फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) जास्त ऐकू येणारी गिअरांची गुणगुण नव्या गाडीतही असते. पण मोकळ्या मातीत, भार आल्यावर फोर-हायमध्ये ‘कडाक’ झालं, तर साखळीच्या ट्रान्स्फर केसमध्ये साखळी सैल होऊन दात सोडत असू शकते. तेव्हा पुढे रेटू नका.

शेवटी ऑइल. आधी भरायचं बूच सैल होतंय का बघा, मगच खालचं उघडा, नाहीतर रिकामं हाउसिंग घेऊन अडकाल. लोहचुंबकाच्या बुचावर करडा मऊ लेप दिसला तर ठीक, चकत्या किंवा दाताचा तुकडा दिसला तर हाउसिंग उघडावंच लागेल. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात ओढा ओलांडला की तापलेलं हाउसिंग एकदम गार होतं, आत हवेचा दाब कमी होतो आणि ब्रीदर (हाउसिंगची हवा आत-बाहेर जायची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. त्यामुळे ऑइल बदलताना ब्रीदरची नळीही फुंकून बघा. डिफरेन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, पण ट्रान्स्फर केसला बऱ्याच गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल असतं, तेव्हा मॅन्युअल बघूनच भरा.