आलेखात ९०० नॅनोमीटरला पीक (उंचवटा) दिसला? आधी फिल्टर लावा

लाल-हिरव्या फॉस्फरवर (प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश सोडणाऱ्या पदार्थांवर) काम करणाऱ्यांचं एक बरं असतं. यूव्ही दिवा लावला की सॅम्पल जमलं की फसलं ते डोळ्यांनाच कळतं. निअर-इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, ती सोय नाही. त्यामुळे निअर-इन्फ्रारेड फॉस्फरकडे येणार असाल तर रसायनाइतकंच उपकरणाशी भांडायची तयारी ठेवा.

प्रकाश देणारा आयन म्हणून सुरुवात क्रोमियमपासून करा. त्याचा तीन धनभारांचा आयन होस्टमध्ये, म्हणजे त्याला सामावून घेणाऱ्या स्फटिकात, सहा ऑक्सिजनांच्या मधल्या गॅलियमच्या जागी अलगद बसतो, कारण त्रिज्या जवळजवळ सारख्याच: ०.६१५ आणि ०.६२ अँगस्ट्रॉम. भोवतीचं स्फटिक-क्षेत्र (शेजारच्या अणूंचा आयनावरचा विद्युत प्रभाव) जोरदार असेल तर माणकासारखी ६९४ नॅनोमीटरची बारीक रेघ मिळते (मेमनचा १९६० सालचा पहिला लेझर याच रेघेवर चालला). क्षेत्र सैल पडलं की ७०० पासून पार १००० पर्यंत पसरलेला पट्टा येतो. फळं न कापता तपासायच्या दिव्यांना हा रुंद पट्टाच लागतो. तानाबे-सुगानो आकृती (क्षेत्राच्या जोरानुसार आयनाच्या ऊर्जापातळ्या कशा सरकतात ते दाखवणारा आलेख) पाठ करू नका. तिच्यातल्या दोन पातळ्या क्षेत्राचा जोर (Dq/B) २.३ च्या आसपास असताना एकमेकींना का छेदतात, तेवढं नीट समजून घ्या. निओडिमियमला होस्टचं एवढं सोयरसुतक नसतं. होस्ट कोणताही घ्या, १०६४ च्या आसपासच सापडतो.

सॅम्पल बनवणं त्या मानाने सोपं: अगेटचा खल, अ‍ॅसिटोन, अ‍ॅल्युमिना क्रुसिबल, भट्टी, आणि स्फटिक बरोबर बनलाय का ते बघायला एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन). फक्त कॅल्शियम असलेल्या होस्टमध्ये पावडर पिवळी निघाली तर सावध व्हा. सहा धनभारांचं क्रोमियम तयार झालेलं असू शकतं, आणि ते विषारी आहे.

खरी गंमत मोजताना. ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजन दिलं की ग्रेटिंगच्या (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या जाळीच्या) दुसऱ्या क्रमामुळे, म्हणजे तोच प्रकाश दुप्पट तरंगलांबीलाही दिसत असल्यामुळे, बरोबर ९०० ला एक टोकदार पीक उभा राहतो, आणि नवखा माणूस त्यावर पेपर लिहायला घेतो! उत्तेजन ४४० करून बघा. पीक ८८० ला सरकला तर तो तुमच्या सॅम्पलचा नाहीच. डिटेक्टरच्या आधी लाँगपास फिल्टर (फक्त लांब तरंगलांब्या पुढे सोडणारा) लावला की तो गायब होतो.

दुसरा घोळ डिटेक्टरचा. नेहमीची फोटोमल्टिप्लायर नळी (मंद प्रकाश मोजणारा डिटेक्टर) ८५०-९०० च्या पुढे आंधळी होत जाते. पट्ट्याचा उजवा उतार कापला जातो आणि पीक आहे त्यापेक्षा डावीकडे दिसतो. डिटेक्टरच्या या कमीजास्त संवेदनशीलतेसाठी करेक्शन न केलेला स्पेक्ट्रम म्हणूनच मी कुणाचाही मानत नाही. १७०० पर्यंत बघायचं तर इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर हवा, आणि तो प्रत्येक विभागात नसतो. पीएचडीसाठी लॅब बघायला जाल तेव्हा फेलोशिपबरोबर हेही विचारून घ्या: डिटेक्टर कुठपर्यंत बघतो, आणि बाहेर मोजायला पाठवायचं तर नंबर कधी लागतो.